उतारा वाढला, पण टिकणार किती? सोलरच्या नव्या प्लेटांची हकिकत



यंदा शेतकी खात्याच्या कचेरीत ऊस नोंदीला येणारे सभासद एक वेगळाच प्रश्न विचारू लागले आहेत. गट नंबर, वाण, लागणीची तारीख सांगून होते, नोंदीच्या वहीत सही होते आणि मग खुर्ची जरा पुढे ओढून विचारणा होते, "साहेब, ती नवीन सोलरची प्लेट निघालीय म्हणं. पेरो... काय ते. दुप्पट वीज देतीया म्हणं. मग आता पंप घ्यावा का थांबावं?"

प्रश्न ऐकायला साधा, पण त्यात पैसा अडकलेला आहे. एका सभासदांनी आम्हांला एक रंगीत पत्रक आणून दाखविले. त्यात या नव्या प्लेटांसाठी आगाऊ रक्कम भरून नंबर लावण्यास सांगितले होते. पत्रकावर कंपनीचा धड पत्ता नव्हता. दुसऱ्या एका सभासदांचा सौर कृषी पंप मंजूर झालेला; पण "आज घेतला आणि उद्या दुप्पट ताकदीचा आला तर?" म्हणून त्यांनी आपला हिस्सा भरलाच नाही. आणि दरम्यान हे गृहस्थ आठवड्यातल्या निम्म्या रात्री हातात बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जात आहेत. रात्रीच्या पाण्यात इचू-काट्याची, सापाची आणि हल्ली बिबट्याची भीती काय असते, हे ज्याच्या अंगावर बेतते त्यालाच कळते.

म्हणून आम्ही ठरविले, की या नव्या प्लेटेची सगळी हकिकत नीट समजून घ्यावी आणि ती सभासदांपुढे ठेवावी. यात खरे किती, अजून व्हायचे किती आणि आपण आज काय करावे, हे ज्याचे त्याला ठरविता यावे एवढाच हेतू.

प्लेटेचा उतारा म्हणजे काय?

आपल्याला उतारा शब्द समजावून सांगायला नको. शंभर किलो उसातून अकरा किलो साखर पोत्यात पडली, की उतारा ११. सोलर प्लेटेचेही तसेच. तिच्यावर पडणाऱ्या उन्हातली शक्ती शंभर धरली, तर त्यातली वीज होऊन तारेत किती आली, तो तिचा उतारा. शास्त्रज्ञ याला कार्यक्षमता म्हणतात. आपले उसाचे पान हीसुद्धा एक सोलर प्लेटच आहे, पण वर्षभराचा हिशेब काढला तर त्याचा उतारा शेकडा एक-दोनच्या पुढे फारसा जात नाही.

आज आपल्या भागात दिसणाऱ्या बहुतेक प्लेटा सिलिकॉनच्या आहेत. सिलिकॉन हा वाळूतून काढलेला पदार्थ. त्याचा पहिला कामाचा सौरघट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ साली दाखविला, तेव्हा उतारा होता सुमारे ६. आज बाजारातली चांगली प्लेट २० ते २३ देते आणि प्रयोगशाळेत तो २७ च्या पुढे गेला आहे. सिलिकॉनला निसर्गाने घातलेली मर्यादा साधारण २९ ची आहे. म्हणजे सत्तर वर्षांच्या मशागतीनंतर हे वाण आता आपल्या कमाल उताऱ्याजवळ आलेले आहे.

वीज होते कशी? ऊन पदार्थावर पडले की त्यातले विजेचे सूक्ष्म कण मोकळे होतात. त्यांना एका दिशेने चालवून तारेपर्यंत पोचविले की वीज मिळाली. धरणातून सुटलेले पाणी शेताच्या टोकाला पोचावे, तसाच हा प्रकार. पाटाला खेकड्यांची बिळे असली तर पाणी मध्येच मुरते. तसेच पदार्थाच्या आत दोष असले तर हे कण मध्येच गडप होतात आणि त्यांची नुसती उष्णता होते. सौरघटाचा उतारा वाढविणे म्हणजे बरेचसे ही बिळे बुजविणेच होय.

पेरोव्स्काईट हे नाव कोठून आले?

रशियातल्या उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे वर्णन गुस्ताव रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ साली केले आणि लेव्ह पेरोव्स्की या रशियन खनिजप्रेमी सरदाराचे नाव त्याला दिले. त्या खनिजात अणूंची जी मांडणी असते, तशी मांडणी असणाऱ्या सगळ्याच पदार्थांना पुढे पेरोव्स्काईट म्हणू लागले. सौरघटात वापरतात ते पेरोव्स्काईट जमिनीतून खणून काढलेले नसून प्रयोगशाळेत तयार केलेले असते. त्यात तीन घटक. एक शिसे, दुसरे आयोडिन किंवा ब्रोमिन, आणि तिसरा मिथिल अमोनियम, फॉर्मॅमिडिनियम किंवा सीझियम यांपैकी एखादा भिडू.

याची मोठी खुबी ही, की ते द्रवात विरघळविता येते आणि काचेवर शाईसारखे पसरून सुकविता येते. सिलिकॉन वितळवायला १४०० अंशांच्या वर भट्टी लागते. पेरोव्स्काईटचा थर १०० ते १५० अंशांवर तयार होतो. आपल्या गुऱ्हाळात गूळ काहिलीतून उतरवितात तेव्हा पाक ११५ अंशांच्या पुढेमागे असतो, एवढीच ती उष्णता. शिवाय सिलिकॉनची चकती सुमारे १५० मायक्रॉन जाडीची लागते, तर पेरोव्स्काईटचा अर्धा-एक मायक्रॉनचा थर पुरतो. माल थोडा, जळण थोडे. म्हणूनच जगभरचे शास्त्रज्ञ याच्या मागे लागले आहेत.

३.८ पासून २६ पर्यंत

२००९ साली जपानमधील योकोहामा येथील तोईन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका आणि त्यांचे सहकारी अकिहिरो कोजिमा यांनी पेरोव्स्काईटचा पहिला सौरघट केला. उतारा भरला ३.८. पण त्यात एक द्रव वापरलेला होता आणि त्या द्रवातच पेरोव्स्काईट विरघळून जाई. घटाचे आयुष्य मिनिटांत मोजावे लागे. २०११ मध्ये दक्षिण कोरियाच्या नाम-ग्यू पार्क यांनी उतारा ६.५ वर नेला, पण विरघळण्याचे दुखणे तसेच राहिले.

खरा बदल २०१२ साली झाला. पार्क व स्वित्झर्लंडचे मिखाएल ग्रेट्झेल यांनी द्रव काढून टाकून घन पदार्थ वापरला आणि ९.७ चा उतारा मिळविला. त्यांचा घट ५०० तास टिकला. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या हेन्री स्नेथ यांच्या चमूने १०.९ गाठला. पुढच्या वर्षी १५, २०१६ मध्ये २१ आणि आता २६ च्या पुढे. सिलिकॉनला जी मजल मारायला अर्धे शतक लागले, ती या नव्या गड्याने पंधरा वर्षांत मारली. अर्थात सिलिकॉनच्या कामातून तयार झालेली यंत्रे आणि ज्ञान त्याला आयते मिळाले, हेही खरे.

हे कसे साधले ते कळायला आपल्या कारखान्याच्या पॅन विभागात जावे लागेल. सिरप पॅनमध्ये आटविताना पॅनमन काय करतो? पाक नेमका घट्ट झाला की बारीक साखरेचे बी सोडतो. वेळ साधली तर सगळा दाणा एकाच वेळी धरतो आणि सारखा वाढतो. वेळ चुकली तर खोटा दाणा पडतो, कुठे मोठा कुठे भुगा होतो, आणि पुढे सेंट्रिफ्यूगलला मळी नीट सुटत नाही. पेरोव्स्काईटचेही नेमके हेच. काचेवर पसरलेला द्रव नुसता सुकू दिला तर स्फटिक वेडेवाकडे वाढतात, मध्ये मोकळ्या जागा राहतात आणि त्या भोकांतून वीज वाया जाते.

२०१४ साली दक्षिण कोरियाच्या सांग इल सोक यांच्या प्रयोगशाळेने यावर युक्ती काढली. काच वेगाने फिरत असतानाच ठरावीक क्षणी तिच्यावर टोल्यूइन हा दुसरा द्रव टाकायचा. त्यात पेरोव्स्काईट विरघळत नाही. त्यामुळे एकाच क्षणी सगळीकडे दाणा धरतो आणि काचेवर एकसंध, गुळगुळीत थर बसतो. या पद्धतीने १६.२ चा उतारा प्रमाणित झाला. पुढे ही युक्ती थोड्याफार फरकाने जगभर वापरली गेली.

दाणा एकसारखा झाला तरी दोन दाण्यांच्या मध्ये सांध असते आणि थराच्या पृष्ठभागावर आयोडिनच्या रिकाम्या जागा राहतात. हीच ती खेकड्यांची बिळे. ती बुजविण्यासाठी थरावर दुसऱ्या एखाद्या क्षाराचा अगदी पातळ हात फिरवितात. घरावर गिलावा झाला तरी केसाएवढ्या भेगा राहतात, त्यांवर आपण चुन्याचा हात मारतो तसे. पेकिंगच्या एका संशोधन संस्थेने २०१९ मध्ये असा हात मारून २३.३ चा प्रमाणित उतारा दाखविला. अलीकडे तर एका रेणूच्या जाडीचे अस्तर थराच्या खाली घालतात. त्याचे काम एकच, विजेचे कण वाटेत न अडता पुढे जावेत.

काटा बरोबर आहे का?

उतारा सांगताना वजनकाटा बरोबर आहे की नाही, हा आपल्या सभासदांचा पहिला प्रश्न असतो. इथेही तो पडला होता. सुरुवातीच्या वर्षांत असे दिसून आले, की तोच घट विजेचा दाब चढवीत मोजला तर एक उतारा येतो आणि उतरवीत मोजला तर दुसरा. भरलेली गाडी काट्यावर पुढून घातली तर एक वजन आणि मागून घातली तर दुसरे, असा हा प्रकार. कारण असे, की पेरोव्स्काईटच्या आतले आयोडिनचे कण स्वतःच जागा बदलत असतात. त्यामुळे आता चांगल्या प्रयोगशाळा दोन्हीकडून मोजतात, काही वेळ घट सतत चालवून पाहतात आणि तिऱ्हाईत संस्थेकडून प्रमाणपत्र घेतात.

दुसरी गोष्ट आकाराची. विक्रमी उतारे येतात ते नखाएवढ्या घटावर, पुष्कळदा एका चौरस सेंटिमीटरपेक्षाही लहान. एका सरीत काळजी घेऊन काढलेले टनेज दहा एकराला तसेच पडत नाही, हे आपण जाणतो. मोठ्या काचेवर थर सगळीकडे सारखा बसविणे अवघड असते आणि उतारा खाली येतो. तेव्हा पेपरात २६ वाचले म्हणून आपल्या शेडवर २६ मिळेल असे धरू नये.

खरे दुखणे टिकाऊपणाचे

भारी उताऱ्याचे पण रोगाला लगेच बळी पडणारे वाण आपण पाहिलेले आहे. पहिल्या वर्षी सगळे खूष आणि खोडव्याला काणीचे चाबूक. पेरोव्स्काईटचे दुखणे तसलेच. त्याचे शत्रू चार.

पहिला शत्रू पाणी. पावसाळी हवेत गुळाची ढेप पाझरते, तसा हा थर हवेतला ओलावा ओढून घेतो आणि फुटून पिवळे शिसे-आयोडाइड मागे राहते. सुरुवातीच्या घटांत वीज वाहून नेणाऱ्या थरात लिथियमचा क्षार घालीत, तो तर स्वतःच ओल ओढणारा. जमिनीत क्षार जास्त असले की गूळ लवकर पाझरतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा शत्रू उष्णता. मिथिल अमोनियम हा आपल्या खतातल्या अमोनियमचा भाऊबंदच. उघड्यावर टाकलेल्या युरियातला नत्र उन्हाने वायू होऊन उडून जातो, तसा हाही तापला की उडून जातो. आणि चैत्र-वैशाखात उन्हातली प्लेट ६० अंशांच्या पुढे सहज जाते.

तिसरा शत्रू खुद्द ऊन. ज्याच्यासाठी प्लेट करायची तेच तिच्या मुळावर उठते. आयोडिन आणि ब्रोमिन यांचे मिश्रण वापरले तर उजेडात ते दोन्ही आपापले कळप करून वेगळे होऊ लागतात. दूध फाटावे तसे. हा दोष अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिला. शिवाय ऊन आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की थर आणखी लवकर खराब होतो.

चौथा शत्रू घरचाच. फॉर्मॅमिडिनियमचे पेरोव्स्काईट वीज करायला उत्तम, पण ते काळ्या रूपात असेल तरच. साध्या तपमानाला ते हळूहळू पिवळे पडू पाहते आणि पिवळे झाले की निकामी. उसावर केवडा पडून पान पिवळे झाले की वाढ थांबते, तसेच. त्यात भर म्हणजे आतले आयोडिन हिंडत हिंडत धातूच्या पट्टीपर्यंत पोचते आणि तिला गंज चढवावा तसे खाते.

यावर इलाजही निघाले. २०१६ साली ग्रेट्झेल यांच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅमिडिनियम, मिथिल अमोनियम आणि थोडा सीझियम असे तिघांचे मिश्रण करून पाहिले. सीझियमच्या चिमटीभर मात्रेने काळे रूप टिकून राहिले, उतारा २१ च्या वर गेला आणि २५० तास चालवूनही १८ उरला. काहींनी मिथिल अमोनियम अजिबात वगळला. काहींनी सोन्याच्या पट्टीऐवजी कोळशाचा, म्हणजे कार्बनचा, थर दिला. त्याला पाणी शिवत नाही आणि आयोडिन खात नाही. २०१७ मध्ये लोझानच्या संशोधकांनी कार्बनच्या १० बाय १० सेंटिमीटरच्या छापील पट्ट्या दहा हजार तासांहून अधिक चालवून दाखविल्या. उतारा मात्र ११.२ च होता. टिकाऊपणा घेतला की उतारा सुटतो आणि उतारा धरला की टिकाऊपणा. संशोधनाची सगळी ओढाताण ही अशी आहे.

त्याशिवाय सगळा घट दोन काचांमध्ये घालून कडा चिकट पदार्थाने हवाबंद करतात. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून वर मेण लावावे, तसे. झाकण किती पक्के, यावर निम्मे आयुष्य अवलंबून असते.

पंचवीस वर्षांची कसोटी पंचवीस महिन्यांत कशी घ्यायची?

सिलिकॉनची प्लेट पंचवीस वर्षे चालते, असे आपण म्हणतो, कारण ती खरोखर तेवढी चाललेली लोकांनी पाहिली आहे. पेरोव्स्काईटचा जन्मच २००९ चा. मग त्याचे आयुष्य सांगणार कोण?

यासाठी कसोट्या ठरविल्या आहेत. प्लेटेला ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के ओलावा असलेल्या कपाटात १००० तास ठेवायचे. उणे ४० पासून ८५ अंशांपर्यंत २०० वेळा गार-गरम करायचे. गारपिटीची परीक्षा वेगळी. पण या कसोट्या सिलिकॉनचे दोष पाहून बसविलेल्या आहेत. पेरोव्स्काईटला उजेड आणि उष्णता एकत्र बाधते, आणि रात्री काही घट थोडे सुधारतातसुद्धा. म्हणून २०२० साली जगातल्या अनेक संशोधकांनी एकत्र येऊन पेरोव्स्काईटची टिकाऊपणाची चाचणी कशी घ्यावी, याचे सामाईक नियम प्रसिद्ध केले. तोपर्यंत जो तो आपल्या काट्यावर आपलेच वजन सांगत होता.

२०२२ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लिन लू यांच्या चमूने वेगळा मार्ग काढला. सीझियमचे पेरोव्स्काईट आणि त्यावर एक संरक्षक पातळ थर, असा घट करून तो उजेडात ठेवून निरनिराळ्या तपमानांना, अगदी ११० अंशांपर्यंत, तापविला. किती उष्णतेला किती लवकर खराब होतो, यावरून त्यांनी हिशेब मांडला, की ३५ अंशांवर सतत उजेडात तो सुमारे ५१,००० तास टिकावा. रोज पाच तासांचे भरघोस ऊन धरले तर हा आकडा अठ्ठावीस वर्षांच्या घरात जातो. उतारा होता १७ च्या आसपास. ही बातमी मोठी आहे, पण हा कागदावरचा हिशेब आहे हे विसरता कामा नये. आपल्या रानात प्लेटेला आषाढातला पाऊस, मेचे ऊन, बोरीच्या झाडाची सावली, माकडे आणि धुराड्याची राख हे सगळे एकदम भेटते.

आंतरपिकासारखा जोडघट

मग नव्या प्लेटेचा उपयोग आधी कोठे होणार? त्याचे उत्तर आपल्या शेतातच आहे. आडसालीच्या सऱ्यांत आपण भुईमूग, कांदा किंवा कोबी घेतो. उसाला जे ऊन आणि जी जागा लागत नाही ती आंतरपीक वापरते, आणि एकाच रानातून दोन पिके निघतात. सूर्याच्या उजेडातही निळा, हिरवा असा जोरदार उजेड आणि लाल व त्याच्याही पलीकडचा मंद उजेड असे प्रकार असतात. सिलिकॉन जोरदार उजेडाची बरीच शक्ती उष्णतेत घालवून बसतो. त्याच्यावर पेरोव्स्काईटचा थर दिला की वरचा थर जोरदार उजेड खातो आणि उरलेला खालच्या सिलिकॉनला देतो. याला जोडघट म्हणावे.

बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्राने २०२० मध्ये अशा जोडघटाचा २९.१५ चा उतारा प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडने ३१ ओलांडले, २०२३ मध्ये सौदी अरेबियातील विद्यापीठाने ३३ ओलांडले, आणि चीनच्या लाँगी कंपनीने २०२४ मध्ये ३४.६ व एप्रिल २०२५ मध्ये ३४.८५ जाहीर केला. हे सगळे लहान घटांचे आकडे. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने जर्मनीतल्या आपल्या कारखान्यातून सप्टेंबर २०२४ मध्ये जोडघटाच्या पहिल्या विक्रीच्या प्लेटा अमेरिकेला धाडल्या, त्यांचा उतारा २४.५. म्हणजे पत्रकात छापलेली "दुप्पट वीज" कोठेच नाही. आजच्या चांगल्या प्लेटेपेक्षा काही टक्के जास्त, एवढेच.

पाच अश्वशक्तीच्या पंपाचा हिशेब पाहा. त्याला सुमारे ५ किलोवॅटच्या प्लेटा लागतात. २१ उताऱ्याच्या प्लेटा घेतल्या तर त्यांचे क्षेत्रफळ भरते साधारण २४ चौरस मीटर; ३० उताऱ्याच्या मिळाल्याच तर १७. वाचले ७ चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याचा चौदावा हिस्सा. मुंबईतल्या इमारतीच्या गच्चीवर एवढ्या जागेला मोल आहे. आपल्या बांधावर त्यासाठी कोणी रात्रीचे पाणी पाजत थांबावे, असे आम्हांला वाटत नाही.

शिशाचे काय?

विहिरीजवळ प्लेटा बसविणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शिसे विषारी आहे आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार बाधते. पेरोव्स्काईटच्या एका चौरस मीटर थरात शिसे एक ग्रॅमपेक्षाही कमी असते, पण ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असते. काच फुटली आणि पाऊस पडला तर ते मातीत उतरू शकते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी घटाच्या दोन्ही बाजूंना शिसे शोषून धरणारे थर देऊन, काच फुटल्यावरही ९६ टक्क्यांहून अधिक गळती अडविल्याचे दाखविले. शिशाऐवजी कथील वापरण्याचेही प्रयत्न आहेत. पण कथील हवेत लवकर बिघडते आणि उतारा कमी पडतो. फुटक्या प्लेटा परत घेण्याची व्यवस्था विकणाऱ्याने केली पाहिजे. ती नसेल, तर अशी प्लेट विहिरीच्या काठावर नको.

आपल्या माणसांचे काम

या शर्यतीत आपली माणसेही आहेत. मुंबईच्या आयआयटीत २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्रात सिलिकॉन आणि पेरोव्स्काईटच्या जोडघटांवर काम चालू आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकलेले डॉ. सावंता माळी यांनी दक्षिण कोरियाच्या चोन्नम राष्ट्रीय विद्यापीठात प्रा. हाँग यांच्यासोबत काम करून २०२३ मध्ये निव्वळ सीझियमच्या, म्हणजे उष्णतेने उडून जाणारा घटक नसलेल्या, पेरोव्स्काईटचा २१.५ चा उतारा दाखविला. एकाच पदार्थाची दोन रूपे एकावर एक बसविण्याची त्यांची युक्ती होती. उसाच्या पट्ट्यातल्या विद्यापीठातून गेलेला माणूस जगाच्या पुढच्या ओळीत बसतो, ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी.

मग सभासदांनी काय करावे?

आमचे स्पष्ट मत असे आहे. ज्यांना दिवसा पाण्याची गरज आहे आणि ज्यांचा पंप मंजूर झाला आहे, त्यांनी नव्या प्लेटेसाठी थांबू नये. २०२४ मध्ये सुरू झालेल्या "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के ठेवलेला आहे. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप, अशी रचना आहे, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी आहे. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम महावितरणच्या कचेरीत विचारून घ्यावेत.

प्लेट विकत घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. प्लेट कशाची आहे ते बिलावर लिहून घ्यावे. स्फटिक सिलिकॉनची असेल तर आय. एस. १४२८६ हे मानक आणि भारतीय मानक ब्युरोची खूण प्लेटेच्या मागच्या चिठ्ठीवर असली पाहिजे.

२. उतारा पंचवीस वर्षांनी किती राहील, याची लेखी हमी घ्यावी. हमी देणाऱ्याचा पत्ता, आणि तालुक्यात दुरुस्तीला येणारा माणूस कोण, हे विचारावे.

३. "पेरोव्स्काईट" म्हणून कोणी आगाऊ रक्कम मागितली, तर देऊ नये. आधी उघड्या रानात किमान काही पावसाळे काढलेली प्लेट दाखवा म्हणावे.

४. आहेत त्या प्लेटांची निगा राखावी. गळीत हंगामात धुराड्याची राख व रस्त्याची धूळ प्लेटांवर बसते. सकाळी प्लेट गार असताना साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. प्लेटांवर झाडाची सावली पडत असेल तर फांदी छाटावी. नव्या शोधाची वाट पाहण्यापेक्षा या पुसण्याने हाती लागणारी वीज जास्त आहे.

नवे वाण आले की आपण काय करतो? पाडेगावच्या केंद्राने शिफारस केली तरी सगळे रान एकदम त्याला देत नाही. आधी दोन-चार गुंठ्यांत बेणेमळा करतो, लागण आणि खोडवा दोन्ही पाहतो, रोग पडतो का ते बघतो आणि मग वाढवितो. ज्याने हा सबुरीचा नियम पाळला, त्याला वाणाने सहसा दगा दिला नाही. सोलरच्या नव्या प्लेटेलाही हाच नियम लावावा. ती एक दिवस आपल्या रानात येईल, असे आम्हांला वाटते. बहुधा सिलिकॉनच्या डोक्यावर बसून येईल. आली की तिचा खोडवा कसा निघतो ते आपण पाहू.

ज्या सभासदांनी हिस्सा भरायचा ठेवला होता, त्यांना आम्ही हे सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे शेजाऱ्याची म्हैस येणार म्हणून मी आपली गाय दारातनं हाकलत होतो की!" दुसऱ्या दिवशी त्यांनी पैसे भरले. पंप बसला की दिवसा दारं धरायला मिळतील. रात्री घरची माणसे निवांत झोपतील, हा उतारा मोजायला काटा लागत नाही.

ज्यांच्याकडे असली पत्रके आली असतील त्यांनी पैसे भरण्यापूर्वी ती शेतकी कचेरीत आणून दाखवावीत. आम्ही बसून वाचू आणि जे समजेल ते सांगू.